सर्दीच होती, मग फुफ्फुसं एवढी जड कशी?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

या वेळी गुडघेदुखीची आणि साखरेची पत्रं बाजूला ठेवली आहेत, ती पुढच्या अंकात घेईन. देवगडकडून आलेल्या एका पत्रानं माझा आठवडा खाल्ला, आणि त्याच सुमारास त्याच विषयाभोवतीची आणखी तीन पत्रं टपालात निघाली. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सिंधुदुर्गात सरकारी नोकरीत होते. तालुक्याच्या डॉक्टरला सकाळी ओपीडी, दुपारी बाळंतपण आणि मधेच पोलीस आले की शवविच्छेदन, हे सगळं एकाच दिवशी करावं लागतं. त्यामुळे आज थोडं पीएम रूममधलं बोलणार आहे. ज्यांना नको वाटेल त्यांनी पान उलटावं, राग नाही.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय ३४, ट्रॉलरवर खलाशी होता. ऑगस्टअखेर बोटीवर गेला तेव्हा दोन दिवस नाक वाहत होतं, अंगात कणकण होती. मेडिकलमधून गोळ्या घेतल्या आणि गेला. तांडेल (बोटीचा प्रमुख) सांगतो, चौथ्या दिवशी ताप उतरला, पोटभर जेवला, जाळं ओढायलाही उठला. पाचव्या दिवशी दम लागतो म्हणाला, सगळ्यांना वाटलं जागरण झालंय. सहाव्या दिवशी पहाटे केबिनमध्ये झोपल्या जागी गेला. नाकातोंडातून लालसर फेस आला होता. बंदरात पोचायला बराच वेळ लागणार होता म्हणून त्याला मासळीच्या बर्फात ठेवलं. उतरवला तेव्हा पाठीवर लालगुलाबी डाग होते. वाडीत कुणी म्हणालं विष घातलं, कुणी म्हणालं बुडाला आणि आता लपवतायत. पीएमच्या कागदावर उजवं फुफ्फुस ९८० ग्रॅम, डावं ८६० ग्रॅम आणि खाली ‘मत राखून ठेवलं’. चार महिन्यांनी अंतिम मत आलं : विषाणूजन्य न्यूमोनिया, फुफ्फुसांना सर्वदूर इजा. विषाणू कुठला ते लिहिलेलं नाही. आई अजून म्हणते, ‘सर्दीन खय माणूस मरता?’ आणि त्याला माशांच्या बर्फात ठेवला हे तिच्या मनातून जात नाही. तिला काय सांगू? सोबत सगळ्या कागदांच्या प्रती जोडल्या आहेत. (एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर : दादा, आईंचं म्हणणं खोटं नाही. सर्दी नाकात राहिली तर माणूस जात नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत ती नाकात राहिली नाही. इन्फ्लुएन्झा, कोविड, ॲडिनो, आरएसव्ही यांपैकी कुठलाही विषाणू घशातून खाली फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत उतरू शकतो. बहुतेकांत उतरत नाही. काहींत उतरतो, आणि त्या काहींत ३४ वर्षांची, जाळं ओढणारी माणसंही असतात.

आता वजनं. निरोगी पुरुषाचं उजवं फुफ्फुस साधारण साडेचारशे ग्रॅम भरतं, डावं चारशेच्या आसपास. तुमच्या भावाची दुप्पट आहेत. ती काट्यावर ठेवणाऱ्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटलं, कारण आपल्याकडच्या कित्येक अहवालांत फुफ्फुसांसमोर ‘कंजेस्टेड’ (रक्त साचलेलं) एवढा एकच शब्द असतो आणि त्यावरून पुढच्या माणसाला काडीचाही बोध होत नाही. काही ठिकाणी तर काटाच नसतो. असो.

चांगलं फुफ्फुस म्हणजे छान जाळी पडलेलं घावन. त्यात तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात, प्रत्येकाची भिंत इतकी पातळ की पलीकडच्या रक्तात प्राणवायू आपोआप झिरपावा. ते दोन बोटांत दाबलं की आतली हवा करकर वाजते. तुमच्या भावाच्या अहवालात ‘घट्ट, रबरी, दाबल्यावर आवाज नाही, कापल्यावर फेसाळ लाल पाणी’ असं लिहिलंय. म्हणजे जिथे हवा असायला हवी तिथे पाणी, रक्त आणि रक्तातली प्रथिनं भरली होती. वाढलेलं वजन त्याचंच.

पण जड फुफ्फुसं एवढ्यावरून पीएम करणाऱ्यानं कारण लिहायचं नसतं. बुडालेल्याची फुफ्फुसं जड असतात. हृदय अचानक निकामी झालं तरी जड होतात. फवारणीचं औषध पोटात गेलं तरी पाणी भरतं. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाच्या, रुग्णाच्या फुफ्फुसांत रक्तस्राव होतो. भातलावणी झाली की कोकणातला कुठलाही डॉक्टर आधी लेप्टोच आठवतो. म्हणून त्या दिवशी मत राखून ठेवलं हे योग्यच झालं. गावात ‘राखून ठेवलं’ म्हटलं की लोकांना वाटतं पैसे चारले. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की डोळ्यांनी दिसलं तेवढं पुरेसं नाही, बरण्या पुढे पाठवल्या आहेत.

वाडीतल्या शंका एकेक करून घेऊ, कारण त्या मूर्खपणाच्या नाहीत. लालसर फेस बुडालेल्याच्या नाकाशी येतो हे खरं. पण फुफ्फुसात पाणी, प्रथिनं आणि हवा घुसळली गेली की फेस येणारच, माणूस गादीवर मेला तरी. लालगुलाबी डाग हे जास्त फसवं प्रकरण आहे. मेल्यावर रक्त खालच्या बाजूला साचतं, त्याचे डाग एरवी जांभळट दिसतात. कार्बन मोनॉक्साइडनं किंवा सायनाइडनं मेलेल्याचे लालगुलाबी दिसतात, आणि हे कुणीतरी कुठेतरी ऐकलेलं असतं. पण प्रेत थंडीत राहिलं तरी ते गुलाबीच होतात, कारण गार रक्तातला प्राणवायू सुटत नाही. तुमचा भाऊ बर्फात होता. त्या डागांना बर्फाचं कारण पुरतं. तरीही इंजिनाचा धूर केबिनमध्ये शिरला असेल का, हे तपासायलाच हवं होतं आणि तपासलंय : रक्तात कार्बन मोनॉक्साइड नाही. मासळी कुजली की बोटीच्या बंद कप्प्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि आत उतरलेला माणूस मिनिटांत कोसळतो, हेही मच्छीमारांना ठाऊक आहे. पण तो कप्प्यात नव्हता, आणि त्याच केबिनमध्ये झोपलेले बाकीचे सकाळी उठून कामाला लागले.

दोन वेगळ्या बरण्या दिसतात तुमच्या कागदांत, त्यांचं महत्त्व सांगते. जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून विषतपासणीला जातात. त्याचं उत्तर ‘कोणतंही विष आढळलं नाही’. दुसऱ्या बरणीत फॉर्मॅलिन, म्हणजे अवयव सडू न देणारं द्रावण. त्यात फुफ्फुसाचे तुकडे, आणि तेही पाचही खंडांतले : उजवीकडे तीन, डावीकडे दोन. एकाच कोपऱ्यातला तुकडा घेतला असता तर आजार निसटला असता. हे तुकडे मेणात घट्ट करून मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पातळ कापतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चार महिने लागले ते फक्त या कामाला नव्हेत. हे काम काही दिवसांचं आहे, बाकीचे दिवस रांगेचे आणि टपालाचे.

आणि इथे तुमचं उत्तर आहे. वायुकोशांच्या आतून गुलाबी रंगाचा एक पडदा धरलेला सापडला, त्याला हायलिन पडदा म्हणतात. विषाणू वायुकोशाचं अस्तर मारतो, केशवाहिन्या गळू लागतात, गळालेली प्रथिनं आणि मेलेल्या पेशींचा गाळ भिंतीला चिकटून बसतो. मग हवा आत आली तरी रक्तापर्यंत पोचत नाही. या सगळ्या चित्राला डॉक्टर डिफ्यूज अल्व्हिओलर डॅमेज म्हणतात. १९७६ साली अमेरिकेतल्या विकृतिशास्त्रज्ञांनी ते नाव रूढ केलं. हा पडदा धरायला निदान अर्धा-एक दिवस लागतो आणि तो फक्त जिवंत शरीरात धरतो. काही मिनिटांत बुडून मेलेल्या माणसाला तो धरायला वेळच मिळत नाही. बुडाल्याची शंका इथे संपली.

अहवालात पुढे एक ओळ आहे ती तुम्ही वाचली नसेल : अस्तराच्या नव्या पेशी वाढू लागल्याचं नोंदलंय. शरीर डागडुजीला लागलं होतं. ही डागडुजी साधारण पहिला आठवडा संपता संपता सुरू होते. घरी दोन दिवस आणि समुद्रात सहावा, म्हणजे तुमच्या हिशेबानं आठवा दिवस. तांडेलानं सांगितलेलं आणि फुफ्फुसात दिसलेलं जुळतं. तांडेल खोटं बोलत नव्हता, हे वाडीत कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं.

खरं सांगायचं तर पडदा दिसला म्हणजे विषाणूच, असंही नाही. पॅराक्वाट नावाचं तणनाशक पोटात गेलं तर काही दिवसांत फुफ्फुसाची अशीच गत होते. म्हणून मिठाची बरणी लागते. शिवाय पॅराक्वाटनं तोंडात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. तुमच्या कागदात दोन्ही ठीक आहेत. लेप्टोतही मूत्रपिंडानं आणि यकृतानं काही ना काही दाखवलं असतं. उलट भावाच्या बारीक श्वासनलिकांचं अस्तर सोलवटून निघालेलं होतं आणि भिंतींत लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी जमल्या होत्या. ही विषाणूची खूण. ‘विषाणूजन्य’ हा शब्द त्यावरून आला. विषाणूचं नाव मात्र या चित्रातून निघत नाही. त्यासाठी शवविच्छेदनाच्या दिवशीच घशातून आणि श्वासनलिकेतून स्वॅब घेऊन, वेगळ्या द्रावणात घालून, थंड पेटीत पाठवावा लागतो. त्या दिवशी तो घेतला गेला नाही. बुडाल्याचा संशय असलेल्या खलाशाच्या वेळी तो कुणाच्या डोक्यात येत नाही, पण यायला हवा. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होते आणि महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाचा एक जोरही पावसाळ्यातच असतो. दाटीवाटीच्या केबिनमध्ये हे दोन्ही एकत्र येतं.

‘बरा झाला होता, जेवला होता’ हे आईंना सगळ्यात जास्त टोचत असणार. ताप विषाणूच्या पहिल्या भराचा असतो, तो उतरतो. फुफ्फुसातली गळती मात्र त्यानंतरही वाढत राहते, आणि त्यात आपल्याच प्रतिकारशक्तीचा मोठा हात असतो. त्यात शरीराची एक वाईट खोड अशी की गुदमरल्याची जाणीव मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. तो प्राणवायूपेक्षा वीसेक पट सहज पार होतो, त्यामुळे खराब फुफ्फुसातूनही बाहेर पडत राहतो. प्राणवायू घसरतो आणि माणसाला मात्र फारसं गुदमरल्यासारखं वाटत नाही. तुमच्या भावाला दम लागला तोवर उशीर झाला होता. किनाऱ्यापासून तेवढ्या अंतरावर, यंत्राशिवाय, हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

आणि बर्फाचं. आईंना सांगा की आपल्या हवेत, भादव्याच्या उष्म्यात, उघड्यावर ठेवलेल्या शरीरातली फुफ्फुसं बंदरात पोचेपर्यंत सडू लागली असती आणि त्या पडद्याचा पत्ता लागला नसता. आज तुमच्या हातात जे उत्तर आहे ते त्या बर्फामुळे आहे. खलाशांनी आपल्याजवळ होतं त्यातलं सगळ्यात चांगलं त्याला दिलं.

एक व्यवहाराचं. मच्छीमारांचा ५ लाखांचा गटविमा अपघाती मृत्यूसाठी असतो, तो इथे लागू होणार नाही. ‘बुडाला असं लिहून घेऊ’ असं सुचवणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. पण भावाच्या बँकेचं पासबुक काढून बघा. वर्षाला ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. त्यात नोंदणीचे सुरुवातीचे तीस दिवस सोडले तर मृत्यूचं कारण काहीही असलं तरी २ लाख मिळतात. बँकेत लगेच जा.

प्रश्न : माझे यजमान मे २०२१ मध्ये कोविड वॉर्डात गेले. त्या सकाळी ऑक्सिजन ९५ होता, चहा घेतला, बाथरूमला जाऊन आले आणि कॉटवर बसता बसता गेले. पीएम झालं नाही. कागदावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट, कोविड-१९’. मुलगा आता बारावीला आहे, विचारतो, ‘ऑक्सिजन चांगला होता तर बाबा गेले कशाने?’ (एक भगिनी, मालवण)

उत्तर : ताई, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. प्रत्येक मरणाऱ्याचा थांबतो. ते कारण म्हणून लिहायचं नसतं हे वैद्यकीय शिक्षणात शिकवतात, आणि आम्ही डॉक्टर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तेच लिहीत आलो आहोत. यावर मी निवृत्तीपर्यंत भांडले. जाऊ दे.

पीएम का झालं नाही ते सांगते. मे २०२० मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कोविड मृत्यूंत चिरफाड करू नये, बाहेरून तपासणी आणि कागदपत्रांवर भागवावं असं म्हटलं होतं. हवा खेळती नसलेल्या आपल्या पीएम रूममध्ये कामगारांना संसर्ग होईल ही भीती रास्तच होती. पण त्यामुळे फुफ्फुसात काय चाललंय ते आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलं. भोपाळच्या एम्समध्ये परवानगी काढून काही शवविच्छेदनं झाली.

ज्यांनी आधी पाहिलं ते जर्मनीतले न्यायवैद्यकवाले. तिथेही सुरुवातीला ‘टाळा’ असाच सल्ला होता, पण हॅम्बुर्ग शहरानं शवविच्छेदन सक्तीचं केलं. पहिल्या १२ जणांत ७ जणांच्या पायांच्या खोल शिरांत गुठळ्या निघाल्या, ज्यांची जिवंतपणी कुणाला शंकाही नव्हती. त्यातल्या ४ जणांचा जीव गुठळी फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकल्यानं गेला होता. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात कोविडनं आणि इन्फ्लुएन्झानं गेलेल्यांची प्रत्येकी सात फुफ्फुसं शेजारी ठेवून पाहिली. हायलिन पडदे दोन्हींत होते. पण वायुकोशांच्या केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या कोविडमध्ये नऊ पट जास्त होत्या. तुमच्या यजमानांच्या पोटावर टोचायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं आठवतात का? ती सर्रास सुरू होण्यामागे असल्या शवविच्छेदनांचाही वाटा होता.

मुलाला सांगा : ऑक्सिजन बरा असताना, चालून आल्यावर, बसल्या जागी क्षणात जाणं याला मोठी गुठळी हे एक कारण असू शकतं. हृदयाच्या स्नायूला सूज येऊन ठोका बिघडणं हे दुसरं. शरीर उघडून पाहिल्याशिवाय या दोहोंत निवड करता येत नाही, आणि मी ती अंदाजानं करणार नाही. बाथरूमला चालत गेले म्हणून गेले, असं घरात कुणी म्हणत असेल तर ते मात्र थांबवा. कोविडच्या रुग्णाला शक्य तेवढं हलतं ठेवावं असंच आम्ही सांगत होतो.

प्रश्न : माझी पणजी १९१८ च्या मानमोडीत गेली. मुंबईहून गलबतानं आलेल्या एका माणसाकडून गावात साथ आली असं घरात सांगतात. त्या वेळी विषाणू कुणी पाहिलाच नव्हता, मग ती इन्फ्लुएन्झाची साथ होती हे आज इतक्या खात्रीनं कसं सांगतात? (एक शिक्षक, कुडाळ)

उत्तर : गुरुजी, घरातली गोष्ट पटण्यासारखी आहे. मुंबईत साथ जून १९१८ मध्ये दिसली, बंदरातून आली असं तेव्हाच बोललं जात होतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिचा दुसरा फेरा मुंबई इलाख्यावर भयानक उलटला. गिरणीतला चाकरमानी आजारी पडला की गावाकडेच येणार.

तेव्हाच्या डॉक्टरांना फुफ्फुसात जिवाणू दिसायचे आणि ते त्यांनाच दोष द्यायचे. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढता आला तो थेट १९३३ मध्ये, लंडनला. खात्री मात्र शवविच्छेदनातूनच झाली, तीही ऐंशी वर्षांनी. १९१८ मध्ये गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या फुफ्फुसांचे तुकडे फॉर्मॅलिनमधून काढून मेणात घट्ट करून तिथल्या लष्करी संग्रहात ठेवले होते. नखाएवढे तुकडे. १९९७ साली जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून विषाणूच्या जनुकांचे तुटके धागे वाचले. ते वाचून योहान हुल्टिन नावाचे एक ७२ वर्षांचे विकृतिशास्त्रज्ञ अलास्कात ब्रेव्हिग मिशन या गावी परत गेले. १९१८ मध्ये तिथल्या ८० प्रौढांपैकी ७२ जण गेले होते आणि कायम गोठलेल्या जमिनीत पुरले होते. हुल्टिन १९५१ मध्ये, ऐन पंचविशीत, तिथे जाऊन आले होते आणि त्या नमुन्यांतून काहीच उगवलं नव्हतं. या वेळी गावाची परवानगी काढून त्यांनी एका स्त्रीचं फुफ्फुस मिळवलं. ती लठ्ठ होती, चरबीमुळे फुफ्फुस टिकलं होतं. २००५ पर्यंत विषाणूची सगळी जनुकं वाचून झाली. तो एच१एन१ होता, २००९ मध्ये पुण्यात आपल्याला धडकी भरवणाऱ्या स्वाइन फ्लूचा दूरचा नातलग.

जुने डॉक्टर अगदीच चुकले नव्हते, हेही त्या फुफ्फुसांतच दिसतं. जतन केलेले नमुने पुन्हा तपासले तेव्हा बहुतेकांत जिवाणूंचा न्यूमोनिया होताच. विषाणूनं अस्तर सोलवटलं आणि घशात एरवी गुपचूप राहणारे न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस हे जिवाणू आत घुसले. पेनिसिलिनचा नुसता शोधच अजून दहा वर्षं लांब होता. तुमच्या पणजीचं काय झालं असेल ते यावरून ताडता येईल.

देवगडच्या दादांनी हे उत्तरही वाचावं. फॉर्मॅलिन विषाणूच्या धाग्याचे तुकडे करतं, नेहमीच्या तपासणीला ते चालत नाही, पण खास प्रयोगशाळेत अशा मेणाच्या ठोकळ्यांतूनही कधीकधी नाव निघतं. तुमच्या भावाचे ठोकळे विकृतिशास्त्र विभागात असतील तर ते टाकू नयेत असा लेखी अर्ज पोलीस ठाण्यामार्फत द्या. नाव निघेलच असं नाही, पण ठोकळे टाकले तर तीही शक्यता गेली.

प्रश्न : आमची पर्ससीनची बोट आहे, पंचवीस-तीस माणसं असतात. औषधाच्या पेटीत सर्दी-तापासाठी काय ठेवू? (एक बोटमालक, वेंगुर्ला)

उत्तर : पॅरासिटामॉल, मिठा-साखरेची पाकिटं, मास्क आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. सेल जास्तीचे ठेवा, खारी हवा ते लवकर खाते. मेडिकलमधून मिळणाऱ्या सुट्ट्या गोळ्यांच्या पुड्या ठेवू नका. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्यानं ताप पळतो, माणूस कामाला उठतो आणि खाली फुफ्फुसात चाललेलं झाकलं जातं. ऑक्सिजनची गरज नसलेल्या कोविड रुग्णांना स्टेरॉइडचा फायदा होत नाही, उलट अपाय होण्याचीच शक्यता, हे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे.

ताप आलेल्याचं नाव आणि पहिला दिवस वहीत लिहा. खरी काळजी पाचव्या ते दहाव्या दिवसाची. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावा, आधी बसून आणि मग डेकवर थोडं चालवून. आकडा ९४ च्या खाली आला, किंवा चालल्यावर तीन-चारनं घसरला, की ताप असो नसो, बोट बंदराकडे वळवा. हात ओला असेल तर आधी कोरडा आणि ऊबदार करून मगच ऑक्सिमीटर लावा, नाहीतर खोटा आकडा येतो. नखाला मेंदी-रंग नको.

हंगामाआधी खलाशांना फ्लूची लस द्यायला जमलं तर बघा. दरवर्षी घ्यावी लागते, खासगीत मिळते, आणि तुमच्या एका दिवसाच्या डिझेलच्या मानानं महाग नाही. नेपाळी आणि कर्नाटकातल्या पोरांना वगळू नका, केबिन सगळ्यांची एकच असते.

रेंज असली तर तटरक्षक दलाला १५५४ वर फोन, नसली तर बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसचा चॅनेल १६. बोटीचं नाव, जागा, रुग्णाचं वय, आजाराचा कितवा दिवस आणि ऑक्सिमीटरचा आकडा, एवढं आधी सांगा.